व्होटिंग कार्ड दाखवा, मगच मत द्या: यात वाद तो कसला?

२०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याने न्यू जर्सीत पहिल्यांदा मतदान केलं. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. मत देऊन बाहेर आल्या आल्या त्याने मला फोन लावला. मला वाटलं, कुणाला मत दिलं ते सांगेल. पण तो भलत्याच गोष्टीने चक्रावला होता. "मावशी, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, तिथल्या बाईंनी टॅब्लेट पुढे केला, त्यावर सही केली, झालं! कार्ड कुणी विचारलंच नाही. मी लायसन्स हातात धरून उभा!"

हे त्याने मलाच सांगावं याला कारण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीच्या काळात सात निवडणुकांची ड्यूटी केली. बहुतेक वेळा मी पहिली मतदान अधिकारी असायचे. दारातून आलेल्या माणसाची ओळख पटवायची आणि यादीत त्याचं नाव शोधायचं, हे माझं काम. त्यामुळे हे ऐकून मावशी हादरेल, असं त्याला वाटलं असणार.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा विषय पुन्हा पुन्हा निघतो. अमेरिकेत फोटो ओळखपत्र सक्तीचं करण्यावरून भांडण चालू आहे अशी बातमी कुणीतरी टाकतं, आणि खाली हमखास प्रश्न येतो: आपण इतकी वर्षं कार्ड दाखवतोय, यांना काय अडचण आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डाचं काम किती आणि यादीचं किती

आधी आपला बूथ डोळ्यांसमोर आणा. मतदार आत आला की मी यादीत त्याचा अनुक्रमांक शोधायचे आणि नाव मोठ्याने वाचायचे. मोठ्याने अशासाठी, की बाजूला बसलेल्या पोलिंग एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना, ऐकू जावं. हे एजंट त्याच भागातले असतात आणि त्यांच्याकडेही यादीची प्रत असते. नाव ऐकलं की ते मान वर करून माणसाकडे बघतात. मग मी कार्ड बघायचे, चेहरा बघायचे आणि माझ्या प्रतीवर खूण करायचे: नावाच्या चौकटीवर तिरपी रेघ, आणि बाई असेल तर शिवाय अनुक्रमांकाभोवती गोल. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. मतदाराने व्होटिंग कार्ड दाखवलं असेल तर त्याच्या नावापुढे 'ईपी' लिहितात, दुसरा पुरावा असेल तर त्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. त्यानंतर तिसरा अधिकारी बटण दाबून यंत्र मोकळं करतो.

एका ड्यूटीला दुपारच्या उन्हात एक आजी आल्या. कार्ड नव्वदच्या दशकातलं, फोटो काळापांढरा आणि इतका पुसट की तो कुणाचाही म्हणता आला असता. नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं. मी एजंटांकडे पाहिलं. एरवी सकाळपासून एकमेकांशी न बोलणारे दोघे एका सुरात म्हणाले, "आमच्या आळीतल्याच आहेत, बाई." अक्षराची चूक असेल आणि ओळख पटत असेल तर अडवू नका, असं निवडणूक आयोगाच्या सूचनांत असतं. फोटोच जुळत नसेल तर मात्र दुसरा पुरावा मागायचा. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पोस्टाचं फोटोवालं पासबुक काढलं. काम झालं.

आपल्याकडे व्होटिंग कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं ओळखपत्र असे एकूण १२ पर्याय २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चालत होते. या यादीत रेशन कार्ड नाही. घरी येते ती मतदार चिठ्ठीही २०१९ पासून एकटी चालत नाही. आणि यातलं काहीच नसेल तर मत देता येत नाही. म्हणजे आपला नियम सैल नाही, हे आधी मान्य करायला हवं.

तरीही मतदानाचा खरा आधार कार्ड नव्हे, यादी आहे. यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवून उपयोग नाही. दर निवडणुकीत बूथबाहेर कार्ड उंचावून तावातावाने बोलणारे लोक दिसतात ना, त्यांचं दुखणं हेच असतं. कार्ड आहे, पण नाव गळालं आहे.

फोटो ओळखपत्र एकाच प्रकारचा गैरप्रकार थांबवू शकतं: दुसऱ्याच्या नावावर येऊन मत टाकणारा तोतया. बूथवर तो पकडायला आपल्याकडे बाकीही सोयी आहेत. एजंट २ रुपये भरून एखाद्याच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो, मग केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर तुमची ओळख पटल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात बंद राहतं आणि प्रकरण कोर्टात गेलं तरच सहसा उघडतं.

पण एकाच माणसाचं नाव दोन गावांच्या याद्यांत असेल, तर कार्ड काय करणार? दोन्हीकडे फोटो त्याचाच, चेहरा त्याचाच. २०२५ च्या अखेरीस आपल्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी दुबार मतदारांवरून रान उठलं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने संशयित नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं आणि अशा मतदाराकडून तो कुठे मत देणार ते लिहून घ्यायचं ठरवलं. तो सगळा खटाटोप यादीचा होता. बोगस नोंदणी, वाटलेले पैसे, दमदाटी, यांतल्या कशालाही फोटो थांबवू शकत नाही. अमेरिकेतली चर्चा ऐकताना एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ कमी होतो.

आपलं कार्ड आलं कसं

हे कार्ड आपल्याला आयतं मिळालेलं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. नोंदणीला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला. पुढच्या खेपेला बायकांनी आपली नावं सांगावीत हा त्यामागचा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. पण त्या वेळी मत मात्र गेलंच.

फोटोचा पहिला प्रयोग १९६० साली कलकत्त्यात एका लोकसभा पोटनिवडणुकीसाठी झाला. दहा महिने खटपट करूनही ३.४२ लाख मतदारांपैकी साधारण २.१० लाख लोकांपर्यंतच कार्डं पोचली. कितीतरी बायकांनी परक्या पुरुषासमोर फोटोला बसायला नकार दिला, कितीतरी लोक घरी सापडले नाहीत. आयोगाने तो नाद सोडला आणि देशाने बोटाच्या शाईवरच भिस्त ठेवली.

मग १९९३ साली तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटो ओळखपत्राचा आदेश काढला. १ जानेवारी १९९५ नंतर कार्डांशिवाय निवडणूक घेणार नाही, असं ते सांगत होते. राज्य सरकारं खर्चाच्या नावाने कुरकुरली. मुदत उलटली, कार्डं पुरी झाली नाहीत आणि निवडणुका कार्डांशिवायच झाल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं गावोगाव कॅमेरे फिरले. शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर टांगून फोटो काढलेले मला आठवतात. आम्हीच शिक्षक याद्या घेऊन दारोदार फिरत होतो. आजही बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारे अधिकारी, म्हणून फिरणाऱ्यांत अंगणवाडी सेविका आणि शिक्षकच जास्त असतात.

यातली क्रमवारी बघा. आधी सरकारने घरी येऊन नाव लिहिलं. मग सरकारने फोटो काढून कार्ड हातात दिलं, पहिल्यांदा तरी फुकट. बहुतेकांच्या हाती कार्ड पोचल्यावर ते दाखवायची सक्ती आली, आणि तीही इतर कागदपत्रांची वाट मोकळी ठेवून. माझ्या मते सगळा वाद समजून घ्यायची किल्ली या क्रमातच आहे.

अमेरिकेत काय वेगळं आहे

तिथे केंद्र सरकारने प्रत्येक नागरिकाला दिलेलं ओळखपत्र नाही. निवडणूक चालवतात राज्यं, आणि त्यांच्या खाली काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा आयोग तिथे नाही. नाव नोंदवायची जबाबदारी मुख्यतः नागरिकाची. माझ्या भाच्याने नाव नोंदवलं तेव्हाच त्याच्याकडून लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक घेतले गेले होते, कारण २००२ च्या कायद्यापासून देशभर तशी पद्धत आहे. म्हणजे तपासणी झाली, पण बूथवर नव्हे, नोंदणीच्या वेळी. बूथवरची सही ही जुन्या सहीशी ताडून पाहायला असते.

सुमारे ३६ राज्यांत बूथवर काही ना काही ओळखपत्र मागतात. काही ठिकाणी विजेचं बिलही चालतं, काही ठिकाणी फोटोच हवा, आणि उरलेल्या राज्यांत बहुतेकांना काहीच दाखवावं लागत नाही. फोटोच्या कडक सक्तीची लाट २००५ मध्ये इंडियाना आणि जॉर्जिया या राज्यांपासून सुरू झाली.

तिथे रोजच्या वापरातलं ओळखपत्र म्हणजे गाडीचं लायसन्स. ज्याला गाडी चालवता येत नाही, परवडत नाही किंवा वयामुळे सुटली आहे, त्याच्याकडे ते नसतं. राज्यं मतदानासाठी फुकट कार्ड देतात, पण त्यासाठी जन्मदाखला लागतो, त्याला पैसे पडतात, आणि कचेरी कधी कधी दुसऱ्या गावात, जिथे बस जात नाही. दक्षिणेत पूर्वी घरीच, सुईणीच्या हातून जन्मलेल्या अनेक काळ्या माणसांची जन्मनोंद कधी झालीच नाही. आणि याच दक्षिणेत मत द्यायला एके काळी कर भरावा लागायचा, वाचता येतं का याची परीक्षा द्यावी लागायची. कागदावर नियम सगळ्यांना एकच, पण अडायची ती काळी माणसं. तो मतदान कर १९६४ च्या घटनादुरुस्तीने आणि १९६६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. ज्यांच्या आईवडिलांनी हे सोसलं, त्यांना 'एक कागद तर मागतोय' हे वाक्य साधं वाटत नाही. ही बाजू आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंडियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या राज्याच्या इतिहासात बूथवरच्या तोतयेगिरीचं एकही उदाहरण न्यायालयापुढे आलं नव्हतं. दुसरीकडे, खालच्या न्यायालयाच्या अंदाजाने सुमारे ४३,००० प्रौढांकडे चालणारं ओळखपत्र नव्हतं. तरी २८ एप्रिल २००८ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा कायम ठेवला. लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास टिकवणं हेही राज्याचं रास्त काम आहे आणि या कायद्याने अमुक इतक्या लोकांचं मत गेलं असं सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर होता.

निकालाला जेमतेम आठवडा झाला आणि इंडियानात प्राथमिक फेरीचं, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवायचं, मतदान आलं. साउथ बेंड शहरात ननांच्या एका मठातच मतदान केंद्र होतं. मठातल्या सुमारे डझनभर नना, सगळ्या ऐंशी-नव्वदीच्या, मत द्यायला खाली आल्या. गाडी चालवणं कधीच सुटलेलं, त्यामुळे चालू लायसन्स कुणाकडेच नाही. टेबलामागे बसलेली मतदान अधिकारी त्याच मठातली नन होती. ती या सगळ्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती, आणि तिलाच त्यांना परत पाठवावं लागलं. तात्पुरती मतपत्रिका घ्या आणि दहा दिवसांत काउंटीच्या कचेरीत ओळखपत्र नेऊन दाखवा, ही सोय कायद्यात होती. पण नव्वदीच्या बाईने दहा दिवसांत ओळखपत्र आणायचं कुठून?

मी त्या खुर्चीत बसलेले आहे. समोरच्या बाईला ओळखत असताना 'नाही' म्हणायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. माझ्या त्या आजींजवळ पोस्टाचं पासबुक होतं आणि माझ्या भिंतीवर बारा पर्यायांचा कागद चिकटवलेला होता, म्हणून माझ्यावर ती वेळ आली नाही.

यातले एक न्यायाधीश माझ्या लक्षात राहिले. रिचर्ड पोस्नर. इंडियानाचा कायदा खालच्या अपिली न्यायालयात योग्य ठरवणारा २००७ चा निकाल त्यांनी लिहिला होता. २०१३ मध्ये त्यांनी उघडपणे कबूल केलं की तो निकाल चुकला असावा, आणि २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या अशाच कायद्याविरुद्ध लिहिलं. आपला निकाल चुकला असं सांगणारे न्यायाधीश फार नसतात.

कोणतं कार्ड चालतं हे कोण ठरवतं, यातही खूप काही दडलेलं असतं. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात पिस्तूल बाळगायचा परवाना चालायचा, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालायचं नाही. नोंदणी झालेल्या सुमारे ६ लाख मतदारांकडे मान्य ओळखपत्र नसल्याचं न्यायालयात दिसून आलं. २०१६ मध्ये अपिली न्यायालयाने त्याचा परिणाम भेदभावाचा आहे असं ठरवलं. पुढे टेक्सासने 'मला ओळखपत्र का मिळालं नाही' हे लिहून देऊन मत द्यायची वाट काढली. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा त्याच वर्षी रद्द झाला. कोणत्या वंशाचे लोक कशा पद्धतीने मत देतात याची आकडेवारी मागवून मग तो बेतला होता, आणि काळ्या मतदारांवर त्याचा नेम शस्त्रक्रियेसारखा अचूक आहे, असं न्यायालय म्हणालं. पुढे तिथे दुसरा कायदा आला आणि २०२३ पासून फोटो मागितला जातो.

सक्ती मागणारे सगळे वाईट हेतूचे आहेत का?

मुळीच नाही. गॅलप या जनमत चाचणी करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ८४ टक्के अमेरिकन लोकांनी फोटो ओळखपत्राला पाठिंबा दिला. एवढ्या संख्येत दोन्ही पक्षांचे आणि सगळ्या वंशांचे लोक येतात. विमानात बसताना कार्ड दाखवतो, औषध घेताना दाखवतो, मग मताला का नको, हा त्यांचा प्रश्न मनापासून असतो. माझ्या भाच्याचाही तोच होता.

विरोधक सांगतात की तोतयेगिरी जवळजवळ होतच नाही. ते बरोबर आहे. कायद्याचे प्राध्यापक जस्टिन लेविट यांनी २००० ते २०१४ मधल्या १०० कोटींहून अधिक मतांतून विश्वासार्ह अशी ३१ प्रकरणं शोधली. पण कार्ड मागितलं की लाखो लोक घरी बसतात, हेही तितकं ठामपणे सिद्ध होत नाही. सरकारच्याच लेखापाल संस्थेला २०१४ मध्ये कॅन्सस आणि टेनेसीत मतदान दोन-तीन टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कँटोनी आणि पोन्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ ते २०१८ ची देशभरची माहिती तपासली तेव्हा मात्र एकूण मतदानात लक्षात येण्याजोगी घट आढळली नाही, कुठल्याच वंशात नाही. गैरप्रकार कमी झाल्याचंही त्यांना दिसलं नाही. दोन्ही बाजू जेवढ्या जोरात ओरडतात तेवढा फरक एकूण आकड्यांत पडत नाही, असं मला हे वाचून वाटतं. पण आकडा लहान असला तरी त्या मठातल्या नना त्यात आहेत, आणि त्यांचं मत परत मिळत नाही.

२००५ मध्येच यावर तोडगा सुचवलेला होता. डेमोक्रॅट माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि रिपब्लिकन माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या आयोगाने फोटो ओळखपत्राची शिफारस केली. पण सोबत हेही सांगितलं की सक्ती टप्प्याटप्प्याने आणा, कार्ड फुकट द्या, आणि ज्यांच्याकडे लायसन्स नाही त्यांच्यापर्यंत सरकारने स्वतः पोचावं, त्यासाठी फिरती कार्यालयं काढावीत. बऱ्याच राज्यांनी शिफारशीचा पहिला भाग तेवढा उचलला.

ब्रिटनचं उदाहरण थोडक्यात सांगते. तिथे २०२२ च्या कायद्याने फोटो सक्तीचा झाला आणि मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा लागू झाला. सुमारे १४,००० लोक मत न देता परत गेले. ज्येष्ठांचा फोटोवाला बस पास चालतो, तरुणांचा तसाच पास चालत नाही, यावर तिथे बरीच टीका झाली, आणि ती मला पटते. ज्यांच्या सरकारने हा कायदा केला ते बोरिस जॉन्सन स्वतः मे २०२४ मध्ये ओळखपत्र न घेता केंद्रावर गेले. त्यांना परत पाठवलं गेलं. नंतर कार्ड आणून त्यांनी मत दिलं.

अमेरिकेच्या आदेशात भारताचं नाव

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी निवडणुकांबद्दल एक आदेश काढला. त्यात म्हटलं आहे की भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडत आहेत, आणि अमेरिका मात्र नागरिकत्वाबाबत माणसाच्या शब्दावर विसंबते. ग्रुपवर हे अभिमानाने फिरलं. पण ते अर्धवट आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे आधार जोडण्यासाठी फॉर्म ६ब आला, पण ते जोडणं ऐच्छिक आहे, आणि २०२३ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलंही. बूथवर कुणी अंगठ्याचा ठसा यंत्रावर ताडत नाही. शिवाय आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तो रहिवाशाला मिळतो. त्या आदेशातला नागरिकत्वाच्या कागदांचा भाग पुढे तिथल्या न्यायालयांनी अडवला.

ओळख आणि नागरिकत्व हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्ही देशांत आता वाद दुसऱ्याकडे सरकतो आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२५ मध्ये २२० विरुद्ध २०८ मतांनी एक विधेयक मंजूर केलं, ज्यात नाव नोंदवतानाच नागरिकत्वाचा कागद मागितला आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा जन्मदाखला आणि आजचं नाव जुळणार नाही, ही तिथली मोठी तक्रार. हे वाचून मी माझी फाइल उघडली. दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आधारवर सासरचं, पेन्शनच्या कागदांवर तिसरंच स्पेलिंग. महाराष्ट्रात किती बायकांची हीच गत असेल!

कॅन्ससमध्ये हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. तिथे नागरिकत्वाच्या कागदाच्या अटीने ३१,००० च्या आसपास अर्ज अडकले होते. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली.

आणि आपल्याकडे बिहार. जून २०२५ मध्ये आयोगाने तिथे यादीची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर केली आणि ११ कागदपत्रं सांगितली. त्यात आधार नव्हतं, आणि ज्या कार्डाची आपण इतका वेळ चर्चा करतोय ते आयोगाचंच व्होटिंग कार्डही नव्हतं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर होती. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं आयोगाने दिली, आणि त्यातली बरीच खरीही असणार. जुन्या याद्यांत मेलेल्यांची नावं किती राहतात हे मी स्वतः पाहिलं आहे. पण कोणाचं नाव कशासाठी गेलं ते प्रसिद्ध करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधारला बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला लावलं, ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नव्हे. नोव्हेंबरात ही तपासणी गोव्यासह आणखी १२ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली.

इथे मला आपल्या जुन्या क्रमाची आठवण येते. पूर्वी माणूस दारात यायचा आणि नाव लिहून घ्यायचा. आता माणूस दारात येतो, फॉर्म देतो, आणि त्यातल्या ज्याचं किंवा ज्याच्या आईवडिलांचं नाव जुन्या यादीत सापडत नाही, त्याला कागद शोधावा लागतो. जो ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो, जी बाई लग्न होऊन तीन जिल्हे ओलांडून आली, त्यांच्यासाठी हा बदल लहान नाही. यादी साफ व्हायलाच हवी. पण ती साफ करताना धावपळ कुणाची व्हावी, सरकारची की त्या माणसाची, एवढंच मला विचारायचं आहे.

परवा भाच्याशी पुन्हा बोलणं झालं. त्याला मी ननांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, आपल्याकडे अशा म्हाताऱ्यांचं काय होतं? मी त्याला २०२४ च्या लोकसभेचं सांगितलं. ८५ च्या पुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना तेव्हा घरून मत द्यायची सोय होती. आधी फॉर्म १२ड भरून द्यायचा. मग ठरल्या दिवशी पथक घरी येतं. आमच्या शेजारच्या काकूंकडे आलं होतं. दोन अधिकारी, पोलीस, कॅमेरा धरलेला एक मुलगा. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा माजघरातल्या टेबलावर उभा केला. काकूंनी उशीखालून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं, अधिकाऱ्याने ते पाहिलं, क्रमांक टिपला, परत दिलं. मग सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, काकूंनी मतपत्रिकेवर खूण केली आणि पाकीट चिकटवलं. जाताना त्यांनी पथकाला चहा घ्यायचा आग्रह केला. त्यांना तो घेता आला नाही, यादीत अजून चार घरं होती.